पुसलेलं रीळ

शिवणकाकूंच्या मशीनची डावी बाजू म्हणजे त्या घराचा दवाखाना होता. उजव्या बाजूला गिऱ्हाइकांचं काम पडलेलं असायचं. कुणाच्या पँटची उंची कमी करायची, कुणाच्या पडद्याला अस्तर लावायचं. डावी बाजू घरच्यांची. तिथला नियम साधा: बिघडलेली वस्तू आणून ठेवायची आणि आपल्या कामाला निघून जायचं. काय झालंय ते सांगत बसायचं नाही. काकू वस्तू उलटीपालटी करून दुखणं शोधायच्या, टाका घालायच्या आणि स्वच्छ पुसून जागच्या जागी ठेवून द्यायच्या.

हा नियम मुळात नवऱ्याच्या सोयीसाठी जन्माला आला होता. रस्त्याच्या तोंडाशी त्यांचं चष्म्याचं दुकान, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाले म्हणायचे. दिवसभरात हा गृहस्थ बोलायचा काय, तर "आता स्पष्ट दिसतंय, की आधी दिसत होतं?" गिऱ्हाईक म्हणायचं "आधी," की हे काच बदलायचे. घरी आल्यावर तेवढंही नाही. काकूंचं सगळंच उलटं. मशीन चालू असो की बंद, तोंड चालू. "माझ्या वाटचं मी बोलते आणि यांच्याही वाटचं मीच बोलते," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या, "मग घसा बसेल नाही तर काय होईल!"

मंगळवारी दुपारी डाव्या बाजूला कॅमेरा ठेवलेला होता.

कॅमेरा चष्मेवाल्यांच्या तरुणपणातला, रिळाचा, हातात घेतला तर वरवंट्यासारखा जड. तो पंचवीस वर्षं माळ्यावर पडून होता. आठ महिन्यांपूर्वी तो खाली आला, त्याला कारण लेकीचा फोन. लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात. दर रविवारी फोन यायचा, काकू पाऊण तास बोलायच्या आणि शेवटी "घ्या, बोला" म्हणून फोन नवऱ्याच्या हातात द्यायच्या. लेक विचारायची, "बाबा, कसे आहात?" ते म्हणायचे, "ठीक." त्या रविवारी लेक चिडली. "बाबा, तुमच्या या 'ठीक'चं मी काय करू? चार वर्षं झाली मला इथे येऊन, तुमच्या मनात काय चालतं ते एकदा तरी कळू दे की!"

त्यावर चष्मेवाले अर्थातच काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र स्टूल घेऊन माळ्यावर चढले, कॅमेरा काढला, फुंकर मारली आणि खाली बघून बायकोला म्हणाले, "मला सांगता येत नाही. दाखवून बघतो. एक रीळ भरलं की पाठवीन तिला."

एका दमात तीन वाक्यं. काकूंच्या हातातली सुई तशीच राहिली होती.

तेव्हापासून चष्मेवाले कॅमेरा गळ्यात घालून दुकानात जायचे, तसेच परत यायचे. आठवड्यात एखादा फोटो. कधी दोन आठवड्यांत एकही नाही. काकूंनी सुरुवातीला विचारून बघितलं, "आज कशाचा काढलात?" उत्तर यायचं, "असाच." मग त्यांनी नाद सोडला. पण गेल्या रविवारी जेवता जेवता चष्मेवाले आपण होऊन म्हणाले, "एकतीस झाले. पाच राहिले." आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की काकूंना त्यांचं लग्न ठरलं तेव्हाचा तो मुलगा आठवला. तोही असाच एक आकडा सांगून गप्प बसला होता, त्याच्या पगाराचा.

तर मंगळवारी कॅमेरा डाव्या बाजूला. काकूंनी उलटापालटा करून दुखणं शोधलं. गळ्यातल्या चामड्याच्या पट्ट्याची बकलाजवळची शिवण उसवली होती. मेण लावलेला दोरा घेऊन त्यांनी पाच मिनिटांत जाड टाके घातले, ओढून बघितले, आणि आता पुसायला घेतलं.

इथेच घात झाला. काकूंचं पुसणं वरवरचं नसायचं. त्या टीव्हीच्या रिमोटची बटणं कापूस गुंडाळलेल्या काडीनं पुसायच्या. घड्याळाचे सेल काढून आतली खाच पुसायच्या. कॅमेऱ्याच्या कडेच्या फटीत धूळ दिसली, त्यांनी ती काडीनं काढली. वर एक गोल बटण होतं, त्याच्याखाली मळ होता, म्हणून बटण जरासं वर ओढलं. मागचं झाकण टक्कन उघडलं. आत एक तपकिरी पट्टी चकचकत होती. खिडकीतून दुपारचं लख्ख ऊन येत होतं. नवऱ्याच्या दुकानातलं काच पुसायचं मऊ फडकं हाताशी होतंच. काकूंनी पट्टी पुसली. एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. बाजूच्या चकरीवर गुंडाळलेली पट्टीही वरून पुसली.

आणि मग हात थांबला.

म्हणजे काकूंना ठाऊक नव्हतं असं नाही. सगळं जग रिळावर फोटो काढायचं तेव्हा त्या काही पाळण्यात नव्हत्या. उघडं रीळ आणि ऊन यांचं वाकडं असतं हे त्यांना स्वतःच्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. पण हात कामाला लागले, की डोकं मागून चालत येतं, आणि आज ते फारच मागे राहिलं होतं. त्यांनी झाकण असं दाबून बंद केलं, जणू आतला उजेड पळून चाललाय.

वरच्या इवल्याशा खिडकीत एकतीसचा आकडा असायचा. तो पार मागे सरकून सुरुवातीच्या खुणेवर जाऊन बसला होता. झाकण उघडलं की आकडा मागे येतो, हेही त्यांना आत्ताच कळत होतं. आता काय करावं? काकूंनी डावा तळवा भिंगावर गच्च दाबला आणि बटण दाबलं, खटका ओढला, बटण दाबलं, खटका ओढला. एकतीसपर्यंत नेऊन ठेवायचा बेत होता. आकडा चारवर आला आणि खटका अडला. रीळ संपलं होतं.

"बाई गं," काकू मशीनला म्हणाल्या, "काय करून बसलीस!"

चपला अडकवून त्या समोरच्या फोटो स्टुडिओत गेल्या. फोटोवाला ओळखपत्राचे फोटो कात्रीनं कापत बसला होता. रिळं धुणारा आता त्या भागात तोच एकटा उरला होता, महिन्याला दोन-तीन.

"एक विचारायचं होतं," काकू म्हणाल्या. "माझी एक मैत्रीण आहे. तिच्या हातून चुकून कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. आत रीळ होतं."

"किती वेळ उघडं राहिलं?"

"असेल... पुसायला लागतो तेवढा."

फोटोवाल्यानं कात्री खाली ठेवली. "वहिनी, तुमच्या मैत्रिणीनं रीळ पुसलं?"

"कोरड्या फडक्यानं," काकू घाईघाईनं म्हणाल्या.

"मैत्रीण भारीच टापटिपीची दिसते."

"आहेच मुळी."

फोटोवाला हसला नाही, ही त्याची मेहेरबानी. त्यानं समजावून सांगितलं, की काढलेले फोटो चकरीवर एकावर एक गुंडाळले जातात. वरचे वेढे गेले. पण अगदी आतले, म्हणजे सुरुवातीला काढलेले, वरच्यांनी झाकल्यामुळे दोन-चार वाचले असतील. "कॅमेरा काळ्या कापडात बांधून ठेवा आणि माझ्याकडे आणून द्या. आणि मैत्रिणीच्या मिस्टरांना सांगायची भीती वाटत असेल तर माझ्यावर ढकला. धुताना बिघडलं म्हणा. लोकांची खापरं फोडून घ्यायची माझ्या डोक्याला सवय आहे."

काकू उठल्या. "तुमचे उपकार आहेत," म्हणाल्या आणि रस्ता ओलांडताना त्यांच्या लक्षात आलं, की हा उपकार घेतला तर सगळं सुरळीत होईल. कुणालाच काही कळणार नाही. त्या विचारानं बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

त्यांनी कॅमेरा अस्तराच्या काळ्या कापडात बांधला आणि कपाटात चादरींच्या मागे ठेवला. संध्याकाळी चष्मेवाले आले. डावी बाजू रिकामी दिसली, पण त्यांनी विचारलं नाही. पट्टा सुकत असेल कुठेतरी, असं त्यांना वाटलं असावं. काकूंनी जेवण वाढलं. तोंड उघडलं की तेच बाहेर पडेल, म्हणून त्यांनी तोंड उघडलंच नाही.

बुधवारीही नाही.

घरात इतकी शांतता गेल्या तीस वर्षांत झाली नव्हती. पंखा बंद पडावा आणि मग कळावं की इतका वेळ त्याचा आवाज होता, तसं चष्मेवाल्यांना झालं. ते दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, पाणी पिऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, "बरं नाही का?"

"बरी आहे."

"घसा?"

"घसाही बरा आहे."

ते चौकटीला बोटानं टकटक करून गेले.

गुरुवारी जेवायला बसल्यावर मात्र त्यांना ती शांतता सहन होईना. त्यांनी घसा खाकरला. "आज एक आजोबा आले होते," ते म्हणाले.

एरवी काकूंनी इथेच "कुठले? ते काठीवाले?" म्हणून गोष्ट ताब्यात घेतली असती. आज त्या ताटाकडे बघत राहिल्या.

"डोळ्यांचं ऑपरेशन झालंय त्यांचं. नंबर गेला. चष्मा नकोच आता. म्हणाले, पण मला चष्मा हवाय." चष्मेवाले थांबले. बायको मधे बोलायची वाट बघितली. ती बोलली नाही, तेव्हा नाइलाजानं पुढे निघाले. "म्हटलं, कशाला? तर म्हणाले, चष्म्याशिवाय नात जवळ येत नाही. ओळखतच नाही. मग त्यांच्याच जुन्या फ्रेमला साधी काच बसवून दिली. त्यांनी घातला, आरशात बघितलं आणि म्हणाले, हां, आता आलो मी." एक घास खाऊन ते पुन्हा म्हणाले, "हां, आता आलो मी. ते गेल्यावर बराच वेळ मी तसाच बसून होतो."

काकूंना गोष्ट लागली. आणि तिच्याबरोबर एक हिशेबही लागला. हा माणूस एक वाक्य बोलतो आणि थांबतो. त्याच्या त्या थांबण्यात आपण आपलं वाक्य घुसवतो. तीस वर्षं याच्या प्रत्येक गोष्टीचं शेपूट आपणच लावत आलो, आणि वर जगाला सांगत आलो की हे बोलत नाहीत.

आणि अशा माणसानं आठ महिने धडपडून एकतीस वाक्यं जमवली होती. ती आपण पुसून टाकली. कोरड्या फडक्यानं.

शुक्रवारी संध्याकाळी चष्मेवाल्यांनी विचारलं, "पट्टा झाला का?"

काकूंनी मशीनचं पेडल थांबवलं. धुताना बिघडलं म्हणा, असं फोटोवाला म्हणाला होता. वाक्य तयार होतं, घडी घालून ठेवलेलं. त्यांनी कपाट उघडलं, काळं गाठोडं आणून टेबलावर ठेवलं.

"पट्टा झालाय. पण अहो, मी ते झाकण उघडलं."

"कसलं?"

"मागचं. कॅमेऱ्याचं."

"उजेडात?"

"खिडकीत. भर दुपारी." आता थांबण्यात अर्थ नव्हता. "आणि आतलं पुसलं."

"आतलं काय?"

"रीळ."

चष्मेवाल्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. शर्टानं काच पुसू नका, चरे पडतात, हे ते तीस वर्षं येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आले होते.

"अहो, काहीतरी बोला. ओरडा हवं तर."

"आठ महिने," ते म्हणाले.

त्यांनी तेवढंच म्हटलं आणि कॅमेरा उचलून ते बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर काकूंना उलट उत्तर देता आलं असतं. 'तोंडानं सांगितलं असतं तर मी हात लावला असता का,' हेही ओठावर येऊन गेलं, कारण ते खोटं नव्हतं. पण ते त्यांनी गिळलं. दाराशी जाऊन त्यांनी एवढंच सांगितलं, "फोटोवाल्यानं सांगितलंय, अगदी आतले दोन-चार वाचले असतील. आणि शेवटचे काळे निघाले तर ते माझे आहेत."

चष्मेवाल्यांनी मान वर केली. "काळे?"

"आकडा पुढे न्यायला मी हातानं भिंगाचं तोंड दाबून काढले."

त्यांनी बायकोच्या तळव्याकडे बघितलं. मग मान खाली घातली, पण खाली घालताना मिशीचं टोक जरासं हललं, असं काकूंना वाटलं. कदाचित नसेलही हललं.

शनिवारी दुपारी ते दुकान बंद करून लवकर आले ते फोटोवाल्याकडचं पाकीट घेऊनच. टेबलावर त्यांनी चार फोटो मांडले. चारही फोटोंच्या कडेनं पांढरट-नारिंगी धूर शिरला होता, पण मधलं दिसत होतं. जिन्याचं वळण. दुकानातली नंबर तपासायची खुर्ची, रिकामी. शेजारच्या गच्चीवरची दोरी आणि तिच्यावर एकुलता एक चिमटा. आणि एक भिंत, भिंतीवर एक खिळा.

काकूंच्या तोंडात आलं, की अहो, खिळ्याचा कसला फोटो काढता? त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या आणि वाट बघितली. वाट बघणं हे पडद्याच्या झालरीपेक्षा चिकाटीचं काम आहे, असं त्यांच्या लक्षात आलं.

"तिथे तिचा आरसा होता," चष्मेवाले अखेर म्हणाले. "छोटा. जाताना घेऊन गेली. खिळा राहिला. मी अजून सकाळी भांग पाडायला तिथेच जातो. वाकतो. आणि मग खिळा दिसतो."

"रोज?"

"आठवड्यातून दोनदा तरी."

काकू त्याच भिंतीसमोर रोज केर काढायच्या. त्यांना तो खिळा कधी दिसला नव्हता, आणि पुसला मात्र रोज होता.

"बाकीचे सत्तावीस गेले," त्या हळूच म्हणाल्या.

"फोटो गेले."

"तुम्हाला आठवतात? सगळे?"

चष्मेवाले विचारात पडले. "आठवणारच की. रीळ छत्तीसचं. उगाच बटण दाबता येत नाही. मी उभा राहायचो बघत. हे खरंच काढायचंय का, का काढायचंय... कधी कधी अर्धा तास. बहुतेक वेळा न काढताच पुढे जायचो. जे उरले ते..." त्यांनी हात जरा हवेत फिरवला. "ते डोक्यात पक्के झालेत."

"मग उद्या तिला सांगा."

"मी?"

"नाही, मी सांगते! मला काय माहीत तुमच्या सत्तावीस फोटोंचं?"

रविवारी सकाळी फोन वाजला. काकूंनी तो उचलला, "थांब, बाबा बोलतायत" एवढंच म्हणून नवऱ्याच्या हातात दिला आणि आवाज मोठा करून ठेवला.

"बाबा?" लेक घाबरली. "काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. ते... रीळ खराब झालं. उजेड लागला त्याला."

"उजेड आपोआप लागला नाही!" काकू मागून ओरडल्या. "मी उघडलं! आणि पुसलं!"

"आई, तू रीळ पुसलंस?"

"कोरड्या फडक्यानं," या वेळी चष्मेवाले म्हणाले.

पलीकडे लेक हसत सुटली, इतकी की तिला ठसका लागला. हसून झाल्यावर मात्र तिनं विचारलं, "म्हणजे मला काहीच बघायला मिळणार नाही?"

"चार पाठवतो. बाकीचे..." चष्मेवाल्यांनी बायकोकडे बघितलं. "बाकीचे सांगतो. वेळ आहे का तुला?"

"आहे. बाबा, मला वेळ आहे."

"मग ऐक. पाच नंबर. दुकानासमोरचा बाक..."

काकूंनी एका गिऱ्हाइकाचा पडदा मांडीवर ओढला आणि चार टाचण्या ओठांत धरल्या. पडद्याला टाचण्यांची मुळीच गरज नव्हती. पाच नंबरलाच चष्मेवाल्यांनी बाकाचा रंग चुकीचा सांगितला. काकूंनी टाचण्या घट्ट दाबल्या. आठ नंबरला त्यांनी काकूंच्या चुलत बहिणीला मावसबहीण केलं. काकूंनी डोळे मिटून घेतले, पण गप्प राहिल्या.

"अकरा नंबर," चष्मेवाले म्हणाले. "दुकानाचं शटर. आतून. अर्धं खाली ओढलेलं." आणि थांबले.

काकूंनी टाचण्या सोडल्या नाहीत. लेकही पलीकडे थांबली.

"तू गेलीस त्या दिवशी मी स्टेशनवर आलो नाही. गिऱ्हाईक आहे म्हणालो. गिऱ्हाईक नव्हतं. शटर अर्धं ओढून आत बसलो होतो. तिथून रस्त्याचा खालचा भाग दिसतो, माणसांचे पाय. तुझी बॅग चाकांवरून गेली ती मला दिसली. आवाजही आला." त्यांनी फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "मग या वर्षी त्याच दिवशी शटर पुन्हा तसंच ओढलं आणि काढला."

स्टेशनवर न येण्यावरून काकूंनी चार वर्षं नवऱ्याला टोमणे मारले होते. घरात, दारात, पाहुण्यांसमोर. त्यांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि हातात धरून बसल्या. आता बोलायला तोंड मोकळं होतं. टोमणा मात्र एकही उरला नव्हता.

"बाबा," लेक म्हणाली.

ही शांतता मोडायची घाई कुणालाच नव्हती. चष्मेवाल्यांनी फोन जरा दूर धरून नाक पुसलं, पुन्हा कानाला लावला.

"हं," ते म्हणाले, "तर बारा नंबर."